तांबे, आम्ल आणि धर्मचित्रे

मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये जी भगवद्गीता छापली गेली, तिची अक्षरे खिळ्यांची नसून तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरलेली होती. आणि ही विद्या तत्पूर्वी, नाना फडणविसांच्या हयातीत, इंग्रजांचे वकील मॅलेट यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यातील एका तांबटाने हस्तगत केली होती.

युरोपात रेम्ब्रांटने मात्र बायबलातील प्रसंग रेखाटताना कोरण्याची पुष्कळशी मेहनत आम्लावर सोपविली. पत्र्यावर मेण-राळेचा लेप द्यावयाचा, सुईने रेघ ओढून तांबे उघडे करावयाचे, आणि पत्रा आम्लात सोडावयाचा. फिकट हव्या त्या रेघा वेळीच रोगणाने बुजवून पुन्हा बुडविले, की उरलेल्या अधिक खोल, म्हणून छपाईत अधिक काळ्या. मग शाई भरून, पृष्ठभाग पुसून, ओलसर कागदासह पत्रा रुळांच्या दाबाखालून काढीत. सुमारे 1648 च्या त्याच्या विख्यात चित्रात रुग्णांमध्ये उभ्या येशूभोवती जे तेज फाकते, ते वस्तुतः आम्लाने न खाल्लेले तांबे, म्हणजे निव्वळ कोरा कागद!

गीतेच्या अक्षरांना असल्या छायाप्रकाशाची निकड नव्हती. यवतमाळच्या बाजारात भांड्यावर नाव घालणाऱ्याजवळ असते तसले टोकदार हत्यार आणि तांबटाचा स्थिर हात यांवरच मिरजेचे काम निभावले.