डेटाबेस मेमरीत ठेवताना

दसरा झाला की मंगरूळपीरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढू लागते. माल उतरतो, ढीग लागतो, ओलावा पाहिला जातो, हर्रासी होते, कट्टे काट्यावर चढतात आणि शेवटी हिशोबपट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी लिहून ठेवावे लागते.

समजा, या नोंदींसाठी कोणी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, कट्टे, वजन, दर आणि अडत्या अशी एक ओळ. एका ओळीला शंभर बाइट धरले तर दहा हजार ओळींना साधारण एक एमबी जागा लागेल. साध्या लॅपटॉपमध्येही आज आठ जीबी रॅम असते. मग हा सगळा डेटाबेस डिस्कवर न ठेवता थेट रॅममध्येच का ठेवू नये?

तसे करता येते, आणि ते सोपेही आहे. पण त्याआधी वेग कुठून येतो आणि त्याच्या बदल्यात काय जाते, हे नीट समजून घ्यायला हवे.

रॅम आणि डिस्क

कॉम्प्युटरमध्ये माहिती राहण्याची मुख्य ठिकाणे दोन. रॅममध्ये माहितीचा प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार असतो. तो सतत गळत असतो, म्हणून मशीन साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरते. वीज गेली की हे भरणे थांबते आणि माहिती पुसली जाते. डिस्कवर मात्र माहिती चुंबकीय खुणांच्या किंवा अडकवून ठेवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते, त्यामुळे ती विजेविनाही टिकते.

टिकण्याची किंमत वेळेत मोजावी लागते. रॅममधून माहिती काढायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास. रॅमची एक फेरी एका सेकंदाची मानली, तर एसएसडीची फेरी सतरा मिनिटांची होते आणि हार्ड डिस्कची सव्वा दिवसाच्या जवळ जाते. मेमरीतल्या डेटाबेसचा वेग या तफावतीतून येतो.

एसक्यूलाइट

छोट्या कामांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा डेटाबेस म्हणजे एसक्यूलाइट. अमेरिकन प्रोग्रॅमर डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली तयार केला. त्या वेळी ते अमेरिकेच्या नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. तिथला डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर चालायचा आणि तो सर्व्हर बंद पडला की त्यांच्या प्रोग्रॅमचे कामही अडायचे. म्हणून सर्व्हरच लागणार नाही असा डेटाबेस त्यांनी बनवला. तो प्रोग्रॅमच्या आतच राहतो आणि सगळी माहिती एका फाइलमध्ये ठेवतो. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. मंगरूळपीरच्या आवारात ज्याच्या ज्याच्या खिशात असा फोन आहे, त्याच्या खिशात एसक्यूलाइटही आहे.

एसक्यूलाइट आपली फाइल सारख्या आकाराच्या पानांमध्ये विभागतो. एक पान सहसा ४,०९६ बाइटांचे असते. ओळ शोधायची झाली की तो पानांच्या झाडासारख्या रचनेतून खाली उतरत योग्य पानापर्यंत पोचतो. बदल करताना जुन्या पानाची प्रत आधी एका जर्नल फाइलमध्ये ठेवतो आणि मगच नवे पान लिहितो. मध्येच काही बिघडले तर जर्नलवरून जुनी स्थिती परत आणता येते.

याच एसक्यूलाइटला मेमरीत चालवायचे असेल तर डेटाबेस उघडताना फाइलचे नाव द्यायचे नाही. त्या जागी दोन कोलनच्या मध्ये ‘मेमरी’ हा इंग्रजी शब्द लहान अक्षरांत लिहायचा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २००६ साली आलेल्या २.५ आवृत्तीपासून एसक्यूलाइटची जोडणी अंगभूतच असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. पाने तीच, झाडाची रचना तीच, आज्ञाही त्याच. फक्त पाने रॅममध्ये राहतात. जर्नलही रॅममध्येच असते, म्हणून अर्धवट झालेला व्यवहार, म्हणजे एकत्र करायच्या बदलांचा गठ्ठा, मागे घेण्याची सोय इथेही चालते. नाहीसा होतो तो फक्त टिकाऊपणा.

वेग नेमका कुठे मिळतो

डेटाबेस मेमरीत आणला की सगळेच शंभरपट वेगाने होते, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही.

फाइलमधून वाचताना ऑपरेटिंग सिस्टिम अलीकडे वाचलेली पाने स्वतःहून रॅममध्ये ठेवते. त्यामुळे छोटी फाइल एकदा वाचली की पुढची वाचने बहुतेक रॅममधूनच होतात. नुसते शोधायचे आणि वाचायचे असेल तर मेमरीतल्या डेटाबेसचा फायदा बेताचाच असतो.

खरा फरक लिहिताना पडतो. व्यवहार पक्का झाला असे सांगण्याआधी एसक्यूलाइट माहिती खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करतो आणि तोवर थांबतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. एका व्यवहाराला साधारण दोन फेरे लागतात, म्हणून सेकंदाला साठच्या आसपास व्यवहार होतात. मात्र हजारो ओळी एकाच व्यवहारात बांधून घातल्या तर हाच एसक्यूलाइट साध्या कॉम्प्युटरवर सेकंदाला पन्नास हजार ओळीही लिहू शकतो. वेळ ओळ लिहिण्यात जात नाही, डिस्कच्या खात्रीची वाट पाहण्यात जातो. मेमरीत ही वाटच पाहावी लागत नाही.

म्हणून डेटाबेस मेमरीत नेण्याआधी आपल्या कामाला किती वेग लागतो ते मोजावे. एका काट्यावर अर्ध्या मिनिटाला एक वजन नोंदले जाते असे धरले, तर जुनी हार्ड डिस्कसुद्धा त्या गतीच्या कित्येक पट पुढे आहे. वजनाच्या नोंदीसाठी मेमरीची गरजच पडत नाही.

काय गमवावे लागते

पहिली गोष्ट उघड आहे. डेटाबेसशी प्रोग्रॅमची जोडणी बंद झाली, प्रोग्रॅम कोसळला किंवा लाइन गेली की मेमरीतला डेटाबेस संपतो. डिस्कवर त्याचा काहीही मागमूस राहत नाही.

दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. प्रोग्रॅमने मेमरीतला डेटाबेस दोनदा उघडला तर दोन स्वतंत्र, रिकामे डेटाबेस तयार होतात. एकात भरलेली ओळ दुसऱ्यात दिसत नाही. त्याला नाव देऊन एकाच प्रोग्रॅममधल्या अनेक जोडण्यांना तो वाटून घेता येतो, पण दुसऱ्या प्रोग्रॅमला किंवा दुसऱ्या मशीनला नाही. गेटवर एक कॉम्प्युटर आणि काट्यावर दुसरा असेल, तर ही पद्धत पुरणार नाही.

तिथे रेडिससारखे नेटवर्कवरून चालणारे साधन लागते. इटलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी ते २००९ साली प्रसिद्ध केले. रेडिस माहिती मेमरीत ठेवतो. पण सांगितले तर प्रत्येक बदल एका फाइलच्या शेवटी जोडतो आणि ती फाइल दर सेकंदाला डिस्कवर पक्की करतो. अशा मांडणीत वीज गेली तर साधारण शेवटच्या एका सेकंदाची माहिती जाते. किती नुकसान चालेल हे आपणच ठरवायचे असते.

तिसरी गोष्ट जागेची. मेमरीतला डेटाबेस वाढत गेला तर तो डिस्कवर सांडत नाही, तो रॅमच खात राहतो. आकार आधी सांगता येत नसेल तर एसक्यूलाइटमध्ये फाइलच्या नावाची जागा रिकामी सोडता येते. मग तात्पुरता डेटाबेस तयार होतो. तो शक्य तेवढा मेमरीत राहतो, गरज पडली तर डिस्कवर उतरतो आणि जोडणी बंद होताच पुसला जातो.

मुंबईचे उदाहरण

मेमरीतला डेटाबेस मोठ्या जबाबदारीने वापरल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये शेअरचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले. दलालांचे संगणक उपग्रहाच्या जाळ्याने मुंबईच्या केंद्रीय संगणकाला जोडलेले होते. ‘नीट’ या त्या व्यवहार-प्रणालीत सर्व्हरवरची व्यवहाराची माहिती मेमरीतल्या डेटाबेसमध्ये ठेवली जात असे, म्हणजे उत्तर लगेच मिळावे.

त्याची गरज का पडली, ते ऑर्डरींच्या रांगेकडे पाहिले की कळते. खरेदीच्या आणि विक्रीच्या ऑर्डरी आधी भावानुसार लावल्या जातात आणि भाव सारखा असेल तर वेळेनुसार. नवी ऑर्डर आली की समोरच्या रांगेत तिला जोड आहे का, हे लगेच पाहावे लागते. प्रत्येक ऑर्डरीमागे डिस्कची वाट पाहिली तर रांग तुंबेल.

या रांगेत दोन प्रकारची माहिती असते. दिवसभरासाठी दिलेली ऑर्डर जुळली नाही तर बाजार बंद होताना रद्द होते. तिचे आयुष्य तेवढेच. पण जुळलेला सौदा म्हणजे दोन माणसांमधले देणे-घेणे. तो हरवून चालत नाही. शिवाय एक्स्चेंजने नुसत्या मेमरीवर भरवसा ठेवला नव्हता. सुरुवातीची मशीन स्ट्रेटस कंपनीची होती. त्या मशीनमध्ये महत्त्वाचे भाग जोडीने असतात आणि एक भाग बंद पडला तरी दुसरा काम चालू ठेवतो.

आपल्या प्रोग्रॅमची मांडणी

यातून छोट्या प्रोग्रॅमसाठी सरळ नियम मिळतो. जी माहिती दुसऱ्या कुठल्या तरी माहितीवरून पुन्हा तयार करता येते, ती मेमरीत ठेवावी. जी पुन्हा कुणाला विचारता येणार नाही, ती आधी डिस्कवर जावी.

काट्यावरचे वजन दुसऱ्या प्रकारात येते. कट्टे मोजून झाले, माल व्यापाऱ्याच्या ढिगात मिसळला, की त्या शेतकऱ्याचे सोयाबीन वेगळे काढून पुन्हा तोलता येत नाही. नोंद हरवली तर उरतो फक्त वाद, आणि त्या वादात शेतकऱ्याची बाजू बहुधा दुबळी पडते. म्हणून वजन आणि सौद्याचा दर एकेका व्यवहारात लगेच फाइलमध्ये जायला हवेत आणि डिस्कने खात्री दिल्यावरच पडद्यावर ‘नोंद झाली’ असे उमटायला हवे.

दिवसाचा गोषवारा पहिल्या प्रकारातला. समजा, तीन ढीग विकले गेले: १२ क्विंटल ४,२०० रुपयांनी, ८ क्विंटल ४,००० रुपयांनी आणि २० क्विंटल ४,३०० रुपयांनी. वजन धरून काढलेली सरासरी १,६८,४०० भागिले ४०, म्हणजे ४,२१० रुपये होते. नुसत्या तीन दरांची सरासरी ४,१६७ येते आणि ती दिशाभूल करते. हा हिशोब, किमान-कमाल दर, अडत्यागणिक बेरजा, गावांची यादी हे सगळे मेमरीतल्या तक्त्यांत ठेवता येते. लाइन जाऊन परत आली तर प्रोग्रॅम मूळ फाइल वाचून ते पुन्हा भरतो. कुणाचेही नुकसान होत नाही.

एसक्यूलाइटमध्ये एकाच जोडणीत फाइल आणि मेमरी दोन्ही वापरता येतात. फाइल मुख्य डेटाबेस म्हणून उघडायची आणि मेमरीतला डेटाबेस तिला ‘अटॅच’ करायचा. हाच क्रम ठेवावा. मुख्य डेटाबेस मेमरीतला असेल, तर जोडलेल्या अनेक फाइलींतला बदल एकतर पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही, ही हमी राहत नाही.

आणखी दोन उपयोग सांगण्यासारखे आहेत. पहिला चाचणीचा. प्रोग्रॅमर प्रत्येक चाचणीसाठी मेमरीत कोरा डेटाबेस उघडतो, त्यात खोट्या नोंदी भरतो आणि निकाल तपासतो. चाचणी संपली की सगळे आपोआप नाहीसे होते, त्यामुळे खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. दुसरा शिकवण्याचा. एसक्यूलाइटची बॅकअपची सोय पानागणिक प्रत काढते आणि ती दोन्ही दिशांनी चालते. फाइलची प्रत मेमरीत घेऊन नव्या ऑपरेटरला तिच्यावर मनसोक्त सराव करू द्यावा. उलट मेमरीत केलेले काम जपावेसे वाटले तर त्याच सोयीने ते फाइलमध्ये उतरवावे. बॅकअप घेतल्यानंतर झालेले बदल मात्र त्या प्रतीत नसतात, म्हणून ही सोय जपणुकीला पुरते, वजनाच्या नोंदीला नाही.

प्रोग्रॅम तयार झाला की तो काट्यावर बसवण्याआधी एक चाचणी जरूर करावी. सरावाच्या मशीनवर नोंदी घालत असताना प्रोग्रॅम मध्येच सक्तीने बंद करावा. मग बॅटरी नसलेल्या मशीनचा प्लगही काढून पाहावा. पुन्हा सुरू केल्यावर ‘नोंद झाली’ असे दाखवलेले प्रत्येक वजन जागेवर आहे का, हे एकेक ओळ पडताळून बघावे. एकही ओळ कमी भरली तर कुठली तरी न परतणारी माहिती आपण मेमरीच्या भरवशावर सोडली आहे. ती शोधून डिस्कवर नेईपर्यंत प्रोग्रॅम आवारात नेऊ नये.