वीजवाहिनीची नोंद आणि शिक्षकांचे पन्नास तास

गोव्याच्या ग्रामीण भागातील एकशिक्षकी प्राथमिक शाळांपुढे एक जुनाच पेच आहे. शिक्षिका प्रशिक्षणासाठी पर्वरीला गेली, की त्या दिवशी वर्ग कोणी सांभाळायचा? शेजारच्या शाळेतून शिक्षक मागवायचा किंवा मुलांना सुटी द्यायची, एवढेच मार्ग उरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास प्रशिक्षणाला द्यावेत, अशी अपेक्षा आहे. दिवसाला पाच तास धरले, तर हे शाळेचे दहा दिवस होतात.

या अडचणीवर ‘दीक्षा’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. केंद्र सरकारने ते सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केले. २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांतून आरंभ झालेला ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमही कोविडकाळात ‘दीक्षा’वर आला. शिक्षक आपल्या सवडीने पाठ पाहतो, प्रश्नावली सोडवतो आणि प्रमाणपत्र मिळवतो. सोय मोठी आहे. पण पळवाटही तेवढीच मोठी आहे. चित्रफीत चालू ठेवून दुसरे काम करणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळू शकते. भिन्न इयत्तांची मुले एकाच खोलीत घेऊन बसलेल्या शिक्षिकेला गणिताचा तास कसा आखावा, हे तयार चित्रफितीतून क्वचितच उमगते. त्यासाठी तिच्या वर्गात येऊन बसणारा मार्गदर्शक लागतो.

या साऱ्याला वीज लागते, आणि पावसाळ्यात नेमकी तीच दगा देते. झाडाची फांदी ११ केव्ही वाहिनीवर पडते, गाव अंधारात जाते आणि १९१२ वर कोणीतरी फोन करीपर्यंत वीज खात्याला बिघाडाचा नेमका ठिकाणा कळत नाही. स्मार्ट मीटरचा खरा लाभ येथे आहे. पुरवठा तुटताच असा मीटर अखेरचा संदेश पाठवू शकतो. एकाच ट्रान्सफॉर्मरवरील सगळे मीटर एकदम गप्प झाले, तर दोष ट्रान्सफॉर्मरकडे किंवा त्याच्या वरच्या वाहिनीत आहे. एकच गप्प झाला, तर तो त्या घरापुरता आहे. लाईनमनचा शोधाशोधीतला वेळ वाचतो. फांदी मात्र त्यालाच तोडावी लागते.

दुसरा उपयोग हिशेबाचा. समजा, ट्रान्सफॉर्मरमधून महिन्याला १०,००० युनिट गेले आणि ग्राहकांच्या बिलांत ८,६०० युनिटच दिसले. उरलेले १,४०० युनिट तारांत जिरले, चोरीला गेले की नादुरुस्त मीटरने मोजलेच नाहीत, हे कुठे तपासायचे ते निदान समजते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत देशपातळीवर ही तूट १२ ते १५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट आहे. गोव्यात वितरण अजूनही सरकारी खात्याकडेच असल्याने तुटीचा भार शेवटी ग्राहकावर किंवा राज्याच्या तिजोरीवर पडतो.

ग्राहकांच्या मनातली धास्ती मात्र अनाठायी म्हणता येत नाही. वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने स्मार्ट मीटर बसल्यानंतर वेळेनुसार दराची तरतूद केली: सौरऊर्जेच्या तासांत वीज स्वस्त, मागणीच्या ऐन तासांत महाग. दिवसा चालणाऱ्या शाळेला हे सोयीचेच ठरेल. संध्याकाळी स्वयंपाक आणि पंखे एकदम चालवणाऱ्या घराला तसे नाही. गोव्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. त्याच्या जनसुनावणीत ग्राहकांनी हा प्रश्न आवर्जून मांडायला हवा.

शाळांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. या योजनेतील मीटर आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीचे आहेत. आज बिल येते, ते वरच्या कार्यालयात जाते आणि सवडीने भरले जाते. आगाऊ पद्धतीत शिल्लक संपण्याचा इशारा कोणाच्या मोबाईलवर येणार, मुख्याध्यापकांच्या की शिक्षण खात्याच्या, आणि पैसे कोणत्या निधीतून भरणार, हे दोन्ही खात्यांनी मीटर बसवण्यापूर्वी लेखी ठरवून घेतले पाहिजे.