डोहात उतरण्याआधी काठावर पाच मिनिटे

पावसाचा जोर ओसरला, की सुटीच्या दिवशी गाड्या घाटाकडे वळतात. जेवणाचे डबे, सतरंजी, मुलांचे जादा कपडे आणि कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला एखाद्या कुंडाचा व्हिडिओ, एवढ्या तयारीवर सहल निघते. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असतो, खोली लिहिलेली असते, बाहेर यायला शिडी असते. नदीच्या डोहावर यातले काहीच नसते. ही सगळी कामे आपल्यालाच करावी लागतात, आणि ती पाण्यात उतरल्यावर नव्हे, त्याआधी काठावर करायची असतात.

त्यासाठी डोह कसा तयार होतो, हे समजून घ्यायला हवे. धबधबा वर्षानुवर्षे एकाच जागी कोसळतो आणि तिथला खडक खणून काढतो. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत राहिले, बेसाल्ट घासला गेला आणि रांजणाच्या आकाराचे खोल खड्डे तयार झाले. पाहायला ते विलक्षण सुंदर आहेत. पण अशा जागी उतार नसतो. एका पावलावर गुडघाभर पाणी, तर पुढच्या पावलावर तळ गायब. कडा उभ्या, घासून गुळगुळीत झालेल्या आणि वर शेवाळ. आत पडलेल्या माणसाला पकडायला काही सापडत नाही. डोह ज्या कारणाने सुंदर होतो, त्याच कारणाने तो धोक्याचाही होतो. सपाट वाळूचे पात्रही निर्धोक नसते. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली झाकले जातात आणि वरून काही कळत नाही.

डोळ्यांची फसगत

नितळ पाणी पाहून ‘फार खोल नाही’ असे वाटते, त्यामागे प्रकाशाचे वक्रीभवन आहे. सरळ वरून पाहिले तरी तळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांश वर आल्यासारखा दिसतो. म्हणजे साडेचार फूट वाटणारे पाणी प्रत्यक्षात सहा फूट असते. काठावरून तिरपे पाहिले तर फसगत आणखी वाढते. म्हणून अनोळखी डोहात सूर मारणे हा सर्वांत वाईट निर्णय. पाण्याखालच्या खडकावर डोके आपटले तर मानेचा मणका मोडू शकतो आणि तरुण माणूस आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळतो.

दुसरी फसगत धबधब्याच्या पायथ्याशी होते. तिथल्या पांढऱ्याशुभ्र फेसात हवेचे असंख्य बुडबुडे असतात. असे पाणी हलके असल्याने त्यात शरीर नीट तरंगत नाही, हात मारले तरी जोर लागत नाही. शिवाय कोसळणारे पाणी खाली दाबते आणि पृष्ठभागावरचा प्रवाह पुन्हा धारेकडेच ओढतो. पट्टीचा पोहणाराही यात अडकतो. धारेखाली उभे राहण्याचा मोह टाळावा. वरून दगडही येतात.

तिसरी गोष्ट वेगाची. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाने वाहणारे वीतभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उखडू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढले आणि एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला. त्यात लहान मुले होती. सह्याद्रीचा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. वर डोंगरात सर पडली, की ते पाणी थोड्याच वेळात खाली पोहोचते, मग आपल्या डोक्यावर ऊन का असेना. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान तिथेच सोडून चढाच्या बाजूला निघावे. पलीकडे राहिलेली चप्पल आणण्यासाठी प्रवाह ओलांडू नये. नदीवर वर धरण असेल तर भोंगा वाजल्यावरही हाच नियम.

काठावर काय ठरवायचे?

आधी गावातल्या माणसाला विचारावे. कोणत्या डोहात भोवरा आहे, कुठे पूर्वी माणसे बुडाली आहेत, हे त्यांना ठाऊक असते. प्रशासनाने बंदीचा फलक लावला असेल तर प्रश्नच मिटतो. भर पावसात डोह लांबूनच पाहावा. प्रवाह मंदावल्यावर, पाऊस नसलेल्या दिवशी आणि बाहेर येण्याची सोपी जागा आधी हेरूनच पाण्यात जावे. काठीने खोली मोजावी. मद्य घेतलेल्याला पाण्यात उतरू देऊ नये.

मग एका मोठ्या माणसाकडे फक्त पाण्यावर नजर ठेवण्याचे काम सोपवावे. त्याच्या हातात मोबाइल नको, ताट नको. वीस मिनिटांनी दुसऱ्याची पाळी. ‘सगळे आहेत ना लक्ष द्यायला’ असे झाले, की कुणाचेच लक्ष नसते. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवत ओरडतो. प्रत्यक्षात श्वास घेण्याच्या धडपडीत ओरडायला अवसरच नसतो. डोके मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाणी खाली दाबत असलेले आणि आवाज नाही, असे मूल काही सेकंदांत दिसेनासे होते. लहान मूल हाताच्या अंतरावरच हवे. हवा भरलेली रबरी रिंग हे खेळणे आहे. जीव वाचवायला मापाचे लाइफ जॅकेट लागते.

कुणी बुडू लागले तर

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावतात. एकाला वाचवायला दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशी साखळी आपण बातम्यांत नेहमी वाचतो. म्हणून मागोमाग उडी मारू नये. काठावर आडवे पडून काठी, ओढणी किंवा साडी पुढे करावी, दोर टाकावा, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकला तरी आधार मिळतो. आपणच वाहू लागलो तर उभे राहण्याची धडपड करू नये. पाय खडकात अडकतो. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून, तिरपे काठाकडे सरकावे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात किंवा मुलाला उलटे धरण्यात वेळ घालवू नये. बुडालेल्याला सर्वांत आधी प्राणवायू हवा असतो. उताणे झोपवून तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि दोन श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ क्रमांक लावावा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

घरी परतल्यावरही एक खूणगाठ बांधावी. पायाला जखम असताना पाण्यात गेला असाल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर डॉक्टरांना डोहाचा उल्लेख जरूर करा. लेप्टोस्पायरोसिसचे निदान वेळेत झाले तर उपचार सोपे असतात.

आणि काठावरच्या त्या पाच मिनिटांत मन साशंक झाले, तर पाण्यात पाय न बुडवताच डबे उघडावेत. पिठलं-भाकरी काठावरही तितकीच गोड लागते.