संगणकातला वाद्यवृंद

दोन वर्षांपूर्वी आमच्या एकांकिकेला पार्श्वसंगीत देण्याचे काम माझ्याकडे आले. मला थोडीफार पेटी येते, घरी एक जुना लॅपटॉप आहे आणि दोन सप्तकांचा एक लहानसा कीबोर्ड आहे. एवढ्या भांडवलावर मी सतार, व्हायोलिनचा ताफा, बासरी, नगारा असे सारे काही उभे केले. ही सगळी वाद्ये अर्थातच संगणकातली. ज्यांना ‘व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट प्लगइन’ म्हणतात, ती. महिनाभरात माझ्याजवळ अशी नव्वद वाद्ये जमली. नव्वद वाद्यांचा धनी झाल्याचा मला कोण अभिमान!

स्पर्धा तीन दिवसांवर आली आणि लॅपटॉप रेंगाळू लागला. दुरुस्तीच्या दुकानात त्यावर विंडोज नव्याने घालून घेतली. फायली सुखरूप होत्या. घरी येऊन मी आमची चाल उघडली, तर १४ ट्रॅकपैकी ९ मुके! पडद्यावर स्वरांच्या चौकटी सरकत होत्या, पण आवाज नाही. ऐकू येत होते ते फक्त आमच्या मैत्रिणीने गायलेली ओवी, माझी पेटी, टाळ आणि दोन किरकोळ आवाज. प्रयोग झाला, पण दिग्दर्शक मित्राने ज्या प्रवेशासाठी मुद्दाम सतारीचा तुकडा मागितला होता, तो प्रवेश शांततेत गेला. मित्र मला एका शब्दाने बोलला नाही. तेच मला जास्त लागले.

असे का झाले, याचा शोध घेता घेता जे शिकलो ते येथे मांडतो. घरी बसून चाली बांधणारे आपल्या महाविद्यालयात आता बरेच जण आहेत. त्यांतील एखाद्याचा तरी प्रवेश मुका जाऊ नये, एवढाच हेतू.

स्वरलिपी आणि वादक

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण कीबोर्डवर सूर दाबतो तेव्हा संगणकात आवाज साठत नाही. साठते ती केवळ नोंद : कोणती पट्टी, केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली. या नोंदीच्या भाषेला ‘मिडी’ म्हणतात. १९८३ साली ती प्रसृत झाली. त्याच वर्षी जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून, एकावर वाजवलेले दुसऱ्यावर ऐकवण्याचे जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेत झाले होते. मिडीत प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो; मधल्या ‘सी’चा क्रमांक ६०. आघाताचा जोरही १ ते १२७ या आकड्यांतच मोजतात.

म्हणजे मिडी ही भातखंडे स्वरलिपीसारखी झाली. पुस्तकात बंदिश लिहिलेली असते, पण पुस्तक गात नाही; गाणारा लागतो. संगणकात हे काम प्लगइन करते. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तीत वाद्येही जोडता येऊ लागली. मुख्य सॉफ्टवेअर ही बैठक, मिडी ही स्वरलिपी आणि प्लगइन हा वादक. माझ्या घरी स्वरलिपी सुरक्षित होती, वादक मात्र उठून गेले होते.

वाद्यांच्या जाती

निवड करायची तर वाद्यांच्या जाती ठाऊक हव्यात. ढोबळमानाने त्या तीन आहेत.

पहिली जात नमुन्यांची. खऱ्या वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि आपण पट्टी दाबली की तोच वाजतो. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टी हळू, मध्यम आणि जोराने वाजवलेली. असे करता करता एकेक पियानो कित्येक जीबींचा होतो. आवाज अस्सल, पण डिस्क आणि मेमरी दोन्ही खाणारा.

दुसरी जात संश्लेषणाची. येथे मुद्रित आवाज नसतो. लहरी घडवून स्वर निर्माण करतात. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या कीबोर्डचा आवाज स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या पद्धतीवर आधारलेला होता. त्याची हुबेहूब नक्कल करणारे ‘डेक्स्ड’ हे प्लगइन फुकट मिळते. ‘सर्ज एक्सटी’ हेही फुकट, आणि ‘व्हायटल’ची मूळ आवृत्तीही. जागा फारशी लागत नाही.

तिसरी जात गणिती प्रतिकृतीची. तार कशी थरथरते, पाटी कशी घुमते याचे गणित मांडून वाद्य तिथल्या तिथे ‘घडवायचे’. २००६ साली आलेले ‘पियानोटेक’ हे याचे उत्तम उदाहरण. नमुन्यांच्या पियानोला जीबी लागतात, तर हा शंभरएक एमबीत मावतो.

जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याने दुसरी आणि तिसरी जात आधी पाहावी. मी उलट केले होते.

निवड चालीवरून करावी

वाद्य आधी आणि चाल मागून, ही माझी पहिली चूक. एकेका प्लगइनमध्ये शेकडो तयार आवाज असतात. ते ऐकता ऐकता रात्र सरते आणि चाल तिथेच राहते. आता मी आधी पेटीवर चाल पक्की करतो आणि वहीत लिहितो : खर्जात धरून ठेवणारे एक, सूर पुढे नेणारे एक, ठेका धरणारे एक. मग या तीन जागांसाठीच वाद्ये शोधतो.

तीन वाद्यांत काय होते, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या चरणजीत सिंग यांचे उदाहरण पाहावे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या या कलावंताने १९८२ साली दहा रागांवर एक तबकडी केली. यंत्रे मुख्यतः तीन, तिन्ही रोलँडची : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तेव्हा तिचे फारसे कौतुक झाले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जाणकार थक्क झाले. कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी जे नृत्यसंगीत गाजले, त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य होते. आज ही तिन्ही यंत्रे प्लगइनच्या रूपात विकत मिळतात. पण ती विकत घेऊन कोणी चरणजीत सिंग होत नाही. त्यांना आपली यंत्रे आतून-बाहेरून ठाऊक होती, हे त्यातले मर्म.

आपल्या संगीतासाठी आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे मींड. बहुतेक प्लगइनांत स्वर वाकवण्याची मर्यादा सुरुवातीला वर-खाली दोन अर्धस्वरांचीच असते. षड्जावरून मध्यमापर्यंत मींड घ्यायची तर पाच अर्धस्वर लागतात. ही मर्यादा वाढवता येते का, ते आधी पाहावे. नमुन्यांची वाद्ये इतकी ताणली की पुष्कळदा आवाज बेगडी होतो.

दुसरी गोष्ट सुरांची. तंबोऱ्याच्या षड्जाशी मिळालेला शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३८६ सेंटांवर असतो. पियानोच्या पट्टीचा गंधार ४०० सेंटांवर, म्हणजे १४ सेंट चढा. याच प्रकारच्या आक्षेपांवरून १९४० मध्ये रेडिओने पेटीला बंदी घातली होती आणि ती काही अंशी उठायला १९७१ साल उजाडले. संगणकात मात्र यावर उपाय आहे. सर्ज, व्हायटल, पियानोटेक यांना ‘स्काला’ नावाची स्वरांतरांची फाइल देता येते आणि गंधार हवा तिथे बसवता येतो. ज्या वाद्यात ही सोय नाही ते संथ आलापीखाली वापरू नये.

आणि एक साधा नियम : जे वाद्य घरात आहे, त्याचे प्लगइन घेऊ नये. टाळ, पेटी, ढोलकी कोणी बरी वाजवणारा असेल तर मोबाइलवर मुद्रित केलेलीही कामी येते. त्या रात्री मला वाचवले ते यांनीच.

फुकटचे आणि चोरीचे

आता थोडे अवघड बोलतो. माझ्या नव्वदांपैकी निम्मी वाद्ये कुलूप तोडलेली, म्हणजे चोरीची होती. ‘विद्यार्थ्यांना कुठे परवडते,’ असे मीही म्हणत असे. नीतीची बाजू सर्वांना ठाऊक आहे. व्यवहाराची बाजू मला त्या रात्री कळली. चोरीच्या मालाची ना पावती असते, ना पुन्हा मिळण्याची शाश्वती. शिवाय अशा फायलींबरोबर संगणकात आणखी काय शिरते याचा नेम नाही. फुकटचे आणि चोरीचे यांत फरक आहे, आणि आज स्वखुशीने फुकट दिलेली वाद्ये इतकी चांगली आहेत की गरिबीची सबब टिकत नाही.

विकत घेताना तीन प्रश्न विचारावेत. आपल्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या रूपात ते मिळते का? (ॲपलच्या गॅरेजबँडला ‘एयू’ लागते, विंडोजवर सहसा ‘व्हीएसटी-३’.) पैसे एकदाच द्यायचे की दरमहा? आणि संगणक बदलला तर परवाना हलवता येतो का? चाचणीची प्रत मिळत असेल तर ती आपल्याच चालीत वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

निगा

वाजवताना आवाज मागे पडतो, ही नेहमीची तक्रार. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने १,०२४ नमुन्यांचा साठा ठेवला तर सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. म्हणजे तबलजी आठ मीटर दूर बसवल्यासारखे. साठा १२८ वर आणला की उशीर तीन मिलिसेकंदांवर येतो, पण संगणकावर ताण वाढतो. म्हणून वाजवताना साठा लहान ठेवावा आणि मिश्रण करताना मोठा.

बाकीची निगा घरातल्या भांड्यांसारखी आहे. नमुन्यांच्या फायली एकाच ठिकाणी ठेवाव्यात. जागा बदलली की वाद्याला त्या सापडत नाहीत. काम अर्धवट असताना नवी आवृत्ती घालू नये. सहा महिन्यांत न वापरलेले वाद्य काढून टाकावे. माझ्याजवळ आता अकरा उरली आहेत. एका वहीत प्रत्येकाचे नाव, आवृत्ती, कोठून घेतले आणि परवान्याचा क्रमांक लिहिलेला आहे.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. ट्रॅक मनासारखा झाला की त्याचा आवाज करून ठेवावा. म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत त्याची ‘वेव्ह’ फाइल काढावी. २४ बिटच्या स्टिरिओ फाइलला मिनिटाला सुमारे १६ एमबी लागतात. चार मिनिटांच्या चालीचे १४ ट्रॅक एका जीबीच्या आत बसतात. प्लगइनांचे आयुष्य मोठे नसते : २०१९ च्या मॅक आवृत्तीने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरे एका झटक्यात नाकारली. वेव्ह फाइल मात्र कोठेही वाजते. सोबत मिडीही ठेवावी. आवाज आजच्यासाठी आणि स्वरलिपी उद्याच्यासाठी, कारण उद्या वादक वेगळा असू शकतो.

यंदाच्या एकांकिकेचे संगीत प्रथम वर्षाच्या एका मुलाकडे आहे. गेल्या महिन्यात मी त्याला माझ्या एका चालीची पेटी दिली, म्हणजे फोल्डर : वेव्ह फायली, मिडी आणि वहीच्या त्या पानाचा फोटो. त्याच्या संगणकावर माझ्यातले एकही वाद्य नाही. त्याने फोल्डर उघडले आणि चौदाही ट्रॅक वाजले. नंतर त्याने सतार काढून तिथे स्वतःची बासरी घातली. ती जास्त चांगली वाटली, हे मी त्याला सांगितले आहे.