पाचातून चार वेळा विरणारा संदेश

नायगावच्या हमरस्त्यावर मोठा अपघात झाला की जखमीला नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात हलवतात. वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टरांना जे विचारतात त्याचा एक क्रम असतो. आधी ‘शुद्धीवर आला का’, मग ‘माणसं ओळखतो का’, आणि शेवटी, आवाज खाली आणून, ‘त्याला दुखत असेल का हो’. मराठीने शुद्ध, भान आणि जाणीव हे शब्द वेगळे ठेवले, ते उगाच नव्हे. मेंदूची संगणकावर नक्कल करू पाहणाऱ्या विज्ञानालाही हेच तीन प्रश्न विचारून पाहावेत. पहिल्या दोन प्रश्नांच्या दिशेने ते खरोखर चालले आहे. तिसऱ्यापाशी मात्र कितीही मोठे यंत्र आणले तरी गाडी अडते, कारण नक्कल करताना काय वगळले तर चालेल, हे तिथे कोणालाच ठरवता येत नाही.

महाराष्ट्रात हे काम समजून घ्यायचे तर पुण्याला, पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेकडे पाहावे लागते. महासंगणकांचा इतिहास थोडक्यात असा: सी-डॅकचा परम 8000 हा 1991 मध्ये तयार झाला, टाटांचा ‘एका’ नोव्हेंबर 2007 मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आला, 2019 मध्ये आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ बसला. हे अभिमानाचे आहेच. पण मन गुंतते ते याच संस्थेतल्या सुहिता नाडकर्णी यांच्या कामात, आणि त्याचा विषय अख्खा मेंदू नाही, मेंदूतला एकच सांधा आहे. दोन चेतापेशींच्या मध्ये साधारण 20 नॅनोमीटरची फट असते. अलीकडच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या, जेमतेम 40 नॅनोमीटर व्यासाच्या पिशव्या सज्ज असतात. विजेचा संदेश आला की दारे उघडून कॅल्शियमचे कण आत शिरतात. पिशवीजवळच्या प्रथिनावर पुरेसे कण वेळेत बसले तर पिशवी उघडते आणि रसायन फटीत सांडते. स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या अनेक सांध्यांवर पाच संदेशांत जेमतेम एक असा पार जातो. बाकीचे विरून जातात. ज्या अवयवावर आपला सगळा भरवसा, त्याचा सांधा इतका बेभरवशाचा असावा आणि तरी आठवणी टिकाव्यात, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी शिळी होत नाही. टॉम बार्टोल, टेरेन्स सेनोव्स्की आणि हर्बर्ट लेव्हिन यांच्यासह 2010 साली लिहिलेल्या शोधनिबंधात नाडकर्णी यांनी हाच सांधा ‘एमसेल’ या प्रणालीत उभा केला. तिथे प्रत्येक कण पुढच्या क्षणी कुठे जाईल हे फासे टाकल्यासारखे ठरते, आणि तोच डाव पुन्हा पुन्हा मांडून पिशवी कधी व किती वेळा उघडते हे मोजतात. अल्झायमरमध्ये याच कॅल्शियमचा तोल कसा बिघडतो, हाही त्यांच्या गटाच्या अभ्यासाचा विषय आहे.

हे काम मला मोलाचे वाटते ते त्याच्या बारकाईपेक्षा त्याच्या मर्यादेमुळे. प्रश्न नेमका आहे, म्हणून काय टाकून द्यायचे हेही नेमके आहे. उंदराच्या मेंदूच्या कापांवर घेतलेली मोजमापे समोर आहेत, म्हणून नक्कल चुकली तर चूक पकडता येते. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये चेतातंतूतल्या विजेची समीकरणे मांडली तेव्हा हक्स्लींनी आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली, कारण केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता. त्या समीकरणांत जनुके नाहीत, पेशीतली बहुतेक रसायने नाहीत. तरी ती टिकली, कारण विचारलेले एवढेच होते की विजेचा दाब कसा चढतो आणि उतरतो.

यावर आक्षेप येतो की यंत्रे वाढत आहेत, आज सांधा, उद्या अख्खा मेंदू. 2013 मध्ये जपानच्या ‘के’ महासंगणकावर 173 कोटी चेतापेशींचे आणि 10.4 लाख कोटी सांध्यांचे जाळे चालवले गेले. त्यातला एक सेकंद उलटायला 82,944 प्रोसेसरांना 40 मिनिटे लागली. माणसाच्या मेंदूत 8,600 कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांचे काम सुमारे 20 वॅटवर भागते. हे अंतर कधीतरी मिटेल, असे मी मानतो. पण त्या जाळ्यातल्या जोडण्या यदृच्छेने केलेल्या होत्या. ती परीक्षा यंत्राची आणि आज्ञावलीची होती. उलट बाजूला 302 चेतापेशींचा एक सूक्ष्म कृमी आहे. त्याच्या चेतासंस्थेचा नकाशा 1986 मध्ये छापून आला, आणि आजही त्या नकाशावरून त्याचे सगळे वागणे सांगता येत नाही. नकाशात कोण कोणाला जोडले आहे ते दिसते. कोणता सांधा किती वेळा फसतो ते दिसत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांच्या बाजूचा: संगणकातल्या पावसाने कोणी भिजत नाही, तसे संगणकातल्या मेंदूला काही जाणवणार नाही. हा दृष्टान्त मला पुरेसा वाटत नाही. संगणकातला पाऊस खोटा, पण संगणकातली बेरीज खरीच बेरीज असते. जाणीव पावसाच्या जातीची की बेरजेच्या, हाच तर वाद आहे. बेरजेची असेल तर कॅल्शियमचे कण वगळले तरी चालतील, नुसता हिशेब जुळला की झाले. पावसाची असेल तर एकेक कण मांडूनही हाती काही लागणार नाही. कोणत्या बाजूने जावे हे ठरवायला पिशव्या मोजण्यासारखे मोजमाप हवे, आणि अडचणींचा खरा डोंगर इथे सुरू होतो. 2006 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने एका तरुणीचा अनुभव प्रसिद्ध केला. अपघातानंतर ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती. ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’ असे सांगताच स्कॅनमध्ये तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले जे निरोगी माणसांचे उजळतात. पलंगाशी उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसले नसते. तिला जाणीव असावी हा निष्कर्ष निघाला, कारण तिचा मेंदू आपल्यासारखा होता आणि तुलनेला आपण होतो. संगणकातल्या जाळ्यात तोच नमुना उमटला तर आश्चर्य नाही. तो उमटावा म्हणूनच ते जाळे बांधलेले असेल. त्याला दुखते का, हे ज्या साधर्म्यावरून ओळखायचे ते आपण स्वतःच त्यात घातलेले असेल, आणि घालताना काय गळाले ते आपल्याला ठाऊक नसेल.