कर्करोगाची शिरगणती

"हल्ली कॅन्सर फार वाढला हो!" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने गेल्या वर्षभरात एकदा तरी ऐकले असेल, किंवा स्वतः उच्चारले असेल. आळीतली दोन माणसे गेली, नात्यातल्या एका बाईंचे स्तनाचे ऑपरेशन झाले, की आपला निष्कर्ष तयार होतो. तो खोटाच असतो असे मी म्हणत नाही. पण तो खरा की खोटा हे ठरवावयाचे कसे? पूर्वी माणसे ऐन उमेदीत हिवतापाने, क्षयाने जात. आता ती सत्तरी ओलांडतात, आणि कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग आहे. पूर्वी "पोटात काही तरी होते" एवढ्यावर घरचे लोक थांबत. आता गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तेव्हा रोग वाढला, की म्हातारी माणसे वाढली, की रोग ओळखण्याची रीत सुधारली? या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून दाखविणारे साधन म्हणजे कर्करोगाची नोंदवही. ही वही कशी ठेवतात, गरीब देशांत ती मधेच का तुटते आणि ती तुटू नये म्हणून अलीकडे कोणता उपाय योजला आहे, हा आजचा विषय आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. परळच्या टाटा हॉस्पिटलात किती रोगी आले याचा आकडा मिळतो. पण त्यावरून मुंबईत कर्करोग किती आहे हे कळत नाही. तेथे बिहारचा शेतकरी येतो, बंगालची विधवा येते, आसामचा शिक्षक येतो. उलट मुंबईचाच एखादा गृहस्थ दुसऱ्या दवाखान्यात जातो, आणि एखादी म्हातारी कुठेच जात नाही. रुग्णालयाची वही आपल्या दारात आलेल्यांची असते. आपल्याला हवी ती लोकवस्तीची वही. एक ठरावीक मुलूख घ्यावयाचा, तेथे राहणाऱ्या प्रत्येक माणसाला झालेला प्रत्येक कर्करोग, तो कोठेही सापडला असो, एकदाच लिहावयाचा, आणि त्या संख्येला तेथल्या लोकसंख्येने भागावयाचे. मग "दर लाखामागे अमुक" असा दर निघतो. हाच दर वयाच्या फरकासाठी दुरुस्त केला, म्हणजे तरुणांच्या गावाची आणि म्हाताऱ्यांच्या गावाची तुलना न्यायाने करता येते.

सांगावयास हे सोपे आहे. करणाऱ्याला विचारा! डेन्मार्कमध्ये १९४२ पासून देशभराची अशी वही अखंड चालू आहे. तेथे डॉक्टर कळवितात, मृत्यूचा दाखला अचूक असतो आणि प्रत्येक नागरिकाला क्रमांक असतो. आपल्याकडे कर्करोग कळविलाच पाहिजे असा एक कायदा सबंध देशाला लागू नाही, काही राज्यांनी तो केला आहे. म्हणून नोंदणी केंद्राचा सेवकच रुग्णालयांच्या, प्रयोगशाळांच्या आणि क्ष-किरण विभागांच्या दारी जातो. रेकॉर्ड रूममध्ये बसून केसपेपर चाळतो, महापालिकेतल्या मृत्यूच्या नोंदी पाहतो. एकच बाई एका जागी माहेरच्या नावाने, दुसऱ्या जागी सासरच्या नावाने आणि तिसऱ्या जागी नुसत्या "काशीबाई" म्हणून भेटते. तिला तीनदा मोजले तर दर फुगतो, आणि तीन निराळ्या काशीबाईंना एक मानले तर बुडतो. पत्त्याची गंमत तर विचारूच नका. गावाहून आलेला रोगी चेंबूरच्या मेव्हण्याचा पत्ता देतो, कारण पत्र तेथे पोचते. म्हणून नियम असा, की त्या मुलखात निदान एक वर्ष वास्तव्य असेल तरच तो तेथला रहिवासी. हे वास्तव्य केसपेपरवर लिहिलेले नसते. ते रोग्याशी बोलूनच काढावे लागते, आणि ज्याला नुकतेच आपल्या रोगाचे नाव कळले आहे त्याच्याशी घराच्या पत्त्याविषयी बोलणे हे काही कारकुनी काम नव्हे.

आता भाजकाकडे पाहा. लोकसंख्या जनगणनेतून घ्यावयाची. आपली २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे पुढील वर्षांचे दर २०११ च्या आकड्यांवरून अंदाज बांधून काढावे लागले. वरचा आकडा कितीही घाम गाळून जमविला, तरी खालचा आकडा अंदाजाचा असेल तर दर डळमळतोच.

वही तुटली म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी आपण आफ्रिकेत, युगांडाच्या राजधानीत, कंपालाला जाऊ. तेथे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच कर्करोगाची नोंदणी सुरू झाली होती. म्हणजे आपल्या मुंबईच्याही दहा-बारा वर्षे आधी! डेव्हिस नावाचे विकृतिशास्त्रज्ञ हे काम पाहत. त्याच शहरातल्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या शल्यवैद्यांना लहान मुलांच्या जबड्यात विचित्र गाठी दिसल्या. त्यांनी १९५८ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिकडे वहीत पाहिले तर मुलांच्या कर्करोगांत याच प्रकारच्या गाठींचा वाटा सर्वांत मोठा निघाला. ती एका डॉक्टरने योगायोगाने पाहिलेली नवलाई नव्हती, त्या मुलखाचा तो रोगच होता. पुढे १९६४ साली या गाठींत एक विषाणू सापडला, आणि विषाणूचा माणसाच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो हा विचार प्रथमच पक्क्या पायावर उभा राहिला. जगातल्या नोंदणी केंद्रांचे आकडे एकत्र करणारा पहिला ग्रंथ १९६६ साली निघाला, त्यात कंपालाचे आकडे आहेत. १९७० च्या दुसऱ्या खंडात मुंबई आली.

नंतर १९७१ साली युगांडात इदी अमीनची राजवट आली. माणसे परागंदा झाली, रुग्णालये ओस पडली आणि वही खंडित झाली. ती नीट सुरू झाली १९८९ च्या सुमारास. उघडून पाहतात तो चित्रच पालटलेले! कापोसी सार्कोमा नावाचा कातडीवर डाग उठविणारा कर्करोग पुरुषांत पहिल्या क्रमांकावर आला होता, त्यांच्या एकूण कर्करोगांच्या जवळजवळ निम्मा. मधल्या काळात एड्स येऊन गेला होता. तो कोणत्या वर्षी चढू लागला, कोणत्या वयात, कोणत्या वस्तीत, हे सांगणारी पाने नेमकी कोरी. युद्ध संपले की पूल पुन्हा बांधता येतो. न लिहिलेल्या वर्षांची नोंद मात्र मागाहून कोणी भरू शकत नाही, कारण रोगी गेलेले असतात आणि कागदही गेलेले असतात.

असे कोरे मुलूख जगात थोडेथोडके नाहीत. २०२२ साली जगात कर्करोगाचे सुमारे दोन कोटी नवे रोगी झाले आणि सुमारे सत्त्याण्णव लाख मृत्यू झाले, असा अंदाज प्रसिद्ध आहे. "अंदाज" या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांपैकी धोरण आखण्याइतकी भरवशाची माहिती पाचांतून एखाद्याच देशाकडे आहे. मग ज्या देशाची वहीच नाही, त्याचा आकडा येतो कोठून? बरेचदा तो शेजारच्या देशांचे दर उसने घेऊन बसविलेला असतो. त्या आकड्यावर विसंबून एखादा आरोग्यमंत्री किरणोपचाराची यंत्रे विकत घेणार! शेजाऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा बसला तर नशीब.

या संबंधात फ्रान्समधील ल्यों येथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली एक योजना हाती घेतली. ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेची असून १९६५ पासून काम करते. पूर्वीची पद्धत अशी, की ल्योंहून तज्ज्ञ यावा, चार दिवस व्याख्याने द्यावीत आणि परत जावे. तो गेला की त्याचे ज्ञानही विमानात बसे. नव्या योजनेत जगाच्या निरनिराळ्या भागांत प्रादेशिक केंद्रे नेमली. आशियाच्या दक्षिण, पूर्व व आग्नेय भागासाठी २०१२ साली मुंबईत टाटा स्मारक केंद्रात, पश्चिम व मध्य आशिया आणि उत्तर आफ्रिकेसाठी तुर्कस्तानात इझमीर येथे, लॅटिन अमेरिकेसाठी ब्वेनोस आयरिस येथे. कॅरिबियन बेटे आणि पॅसिफिक बेटे यांचीही सोय झाली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आधी पूर्व आफ्रिकेतल्या नोंदणी केंद्रांचे एक लहानसे जाळे होते, ते वाढवून २०१२ साली आफ्रिकेचे जाळे उभे केले.

केंद्राचे काम दिसावयास साधेच आहे. शेजारच्या देशात जाऊन वही तपासणे आणि त्रुटी दाखविणे. गाठीचे स्थान व जात यांना आंतरराष्ट्रीय संकेतांक कसे द्यावेत, हे तेथल्या माणसांना शिकविणे. नोंदणीसाठी ल्योंने तयार केलेली संगणकाची प्रणाली फुकट मिळते, ती बसवून देणे. आणि वर्षभराने पुन्हा जाणे! माझ्या मते सगळे मर्म या पुन्हा जाण्यात आहे. शिकविलेला सेवक नोकरी सोडतो, संगणक बिघडतो, नवा अधिकारी "हे कशाला?" म्हणून विचारतो. अशा वेळी सल्ला विचारावयास कोणी तरी जवळ हवे, आणि ज्याच्या घरी हीच रडगाणी आहेत असे हवे. घरी झालेला मृत्यू, दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडून" एवढेच कारण, मेव्हण्याचा पत्ता, या अडचणी डेन्मार्कच्या माणसाला समजावून सांगाव्या लागतात. काठमांडूच्या माणसाला मुंबईकडे त्या सांगाव्याच लागत नाहीत.

मुंबईला हा मान उगीच मिळाला नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईची नोंदणी सुरू केली, ती आजवर चालू आहे. याच संस्थेने पुढे पुणे, औरंगाबाद आणि नागपूर येथे शाखा काढल्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात देण्याची ही रीत महाराष्ट्रात ल्योंच्या योजनेआधी काही दशके चालू होती, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. या दीर्घ वहीमुळेच मुंबईच्या स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग दशकानुदशके उतरत गेला आणि स्तनाचा चढत गेला, हे आज खात्रीने सांगता येते.

पण गरीब देशांना मुंबईपेक्षाही बार्शीची वही अधिक जवळची वाटावी. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे घेऊन तेथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने ग्रामीण नोंदणी सुरू केली. खेड्यात रेकॉर्ड रूम कोठली? तेव्हा सेवकच गावोगाव हिंडू लागले. पाटील, शिक्षक, दाई यांना भेटावयाचे, कोणाच्या अंगावर गाठ आहे, कोणाला अवेळी रक्तस्राव होतो, कोण अलीकडे वारले, हे विचारावयाचे, आणि संशयित रोग्याला रुग्णालयाची वाट दाखवावयाची. मोजावयास गेलेली माणसे बोलू लागली, तशा बायका लवकर तपासणीला येऊ लागल्या. काही वर्षांतच गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. तेथे विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४ झाले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर मानला गेला. (तपासणी न झालेल्या गटाविषयी पुढे नैतिक वाद झाला. तो सोडून देण्यासारखा नाही, पण त्याला स्वतंत्र व्याख्यान हवे.) कोण आजारी पडले आणि कोण दगावले, हे वर्षानुवर्षे टिपण्याची घडी त्या भागात बसली नसती तर हे ३४ आणि ६४ कोणी मोजले असते?

वहीतला आकडा वाचतानाही सावध राहावे लागते. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय अहवालात २८ नोंदणी केंद्रे होती, आणि त्यांच्या मुलखात देशाची सुमारे एकदशांश लोकसंख्या येत होती. त्यात पुरुषांचा सर्वांत मोठा दर मिझोराममधल्या ऐजॉलचा, लाखामागे २६९.४; सर्वांत लहान उस्मानाबाद-बीडचा, ३९.५. मराठवाड्याने लगेच आनंद मानावा काय? तंबाखू, आहार, राहणी यांतला फरक खराच आहे. पण जेथे तपासणीची सोय लांब, तेथे काही रोगी निदानावाचूनच जातात, हेही तितकेच खरे. किती फरक रोगाचा आणि किती नोंदीचा, हे सांगण्यासाठी ती वही आणखी बरीच वर्षे अखंड चालावी लागेल.

नेपाळमध्ये २०१८ साली काठमांडूचे खोरे, तराईतले काही जिल्हे आणि डोंगरातला रुकुम अशा तीन तऱ्हांच्या मुलखांत लोकवस्तीची नोंदणी सुरू झाली. निवड शहाणपणाची आहे, कारण एकट्या राजधानीच्या आकड्यावरून डोंगर समजत नाही. मात्र अशा नव्या वह्यांना खरी धास्ती पैशाची असते. परदेशी मदत तीन-चार वर्षांची असते, आणि नोंदवहीला तर पाच वर्षांनी नुकते कोठे बोलता येऊ लागते. तंत्र प्रादेशिक केंद्र देऊ शकते. सेवकाचा दरमहाचा पगार त्या त्या देशाच्या सरकारी अंदाजपत्रकातच यावा लागतो. तो तेथे आला नाही, तर कंपालाची गत व्हावयास युद्धाची गरज नाही. एक पद रिकामे राहिले तरी पुरे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका असते: माझे नाव त्या वहीत कशाला? नाव लागते ते एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. छापील अहवालात नाव जात नाही, केवळ संख्या जाते. आणि नावाची पाने कुलुपात ठेवणे ही नोंदणी केंद्राची जबाबदारी आहे. तेव्हा रुग्णालयात कोणी वही घेऊन शेजारी बसला आणि "गेले वर्षभर आपण कोठे राहत होता?" असे विचारू लागला, तर मेव्हण्याचा पत्ता सांगू नका. आपल्या गावाचे नाव सांगा.