तळ्यातील माशांना वारा घालावा काय?

आटपाडी, जत, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांत शेततळे आता नवलाची वस्तू राहिलेले नाही. सन २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली. त्यानंतर डाळिंब व द्राक्षबागांच्या कडेला अशी तळी ठिकठिकाणी दिसू लागली. साठविलेल्या पाण्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडून जोडउत्पन्न मिळविण्याकडे अनेक शेतकऱ्यांचा कल आहे. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : पाण्यात हवा खेळविणारे यंत्र बसविलेच पाहिजे काय? घरात काचपेटीत शोभेचे मासे पाळणाराही हाच प्रश्न विचारतो. दोघांना लागू पडणारे तत्त्व एकच आहे.

पाण्यात प्राणवायू येतो कोठून?

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांवाटे घेतो. एक लिटर हवेत अडीचशेहून अधिक मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच पाण्यात मात्र २० अंश सेल्सिअस तपमानाला सुमारे ९ आणि ३० अंशाला सुमारे साडेसात मिलिग्रॅम एवढाच मावतो. म्हणजे पाणी तापते तसा त्याचा साठा घटतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढते. लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असल्यास कटला-रोहूची वाढ चांगली होते. ३ च्या खाली तो गेल्यास मासे खाणे सोडतात व रोगास बळी पडतात.

हा प्राणवायू दोन वाटांनी येतो. पाण्याचा पृष्ठभाग हवेतून तो शोषून घेतो, आणि हिरवे शेवाळ दिवसा उन्हात तो तयार करते. परंतु सूर्य मावळताच शेवाळही माशांप्रमाणे श्वासोच्छ्वासासाठी प्राणवायू वापरू लागते. तळाशी कुजणारे शेण, पालापाचोळा व उरलेले खाद्य तर रात्रंदिवस तो खात असते. म्हणून प्राणवायूचा साठा पहाटे सर्वांत कमी असतो. दिवसा गर्द हिरवे दिसणारे तळे समृद्ध वाटते. रात्री तेच तळे माशांचे वैरी ठरू शकते.

धोका कसा ओळखावा?

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून गटागटा हवा घेत असतील आणि ऊन वर चढल्यावर पुन्हा खाली जात असतील, तर प्राणवायू अपुरा आहे असे समजावे. अशा कमतरतेत बहुधा मोठे मासे आधी मरतात. मरळ मात्र वरची हवा घेऊन तग धरते. लहानमोठे सर्वच मासे भर दुपारी एकदम मरू लागले, तर औषधफवारणीचे पाणी तळ्यात उतरले काय, हे प्रथम पाहावे.

ढगाळ हवा सलग राहिल्यास शेवाळाकडून प्राणवायू कमी मिळतो. वळवाच्या थंड पावसाने वरचे पाणी एकाएकी खाली जाते व तळाचे प्राणवायूहीन पाणी वर येते. बागेला पाणी देऊन एप्रिल-मे महिन्यांत तळे आटले म्हणजे तेवढेच मासे थोड्या व उष्ण पाण्यात कोंडले जातात. या तीन प्रसंगी रोज पहाटे तळ्यावर फेरी मारणे अगत्याचे आहे.

मासे किती सोडावेत?

यंत्राच्या आधी हिशेब हवा. हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकली सोडल्यास, पाणी पुरेसे खोल व स्वच्छ असेल तर, सामान्यतः यंत्रावाचून भागते. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद शेततळ्याचे क्षेत्र ९०० चौरस मीटर भरते. त्यात सुमारे ४५० बोटुकली पुरेशी होत. स्वस्त मिळाली म्हणून तीन-चार हजार सोडणारा शेतकरी वर्षभराचे खाद्य व श्रम एका रात्रीत गमावू शकतो. दाट मासे ठेवावयाचे असल्यास पंख्याचे वा हवा सोडणारे यंत्र घ्यावेच लागते. परंतु त्यासाठी रात्रीची वीज खात्रीची हवी. वीज जाताच दाट तळे उघडे पडते.

तातडीचे उपाय

मासे वर येताच खाद्य व शेणखत त्वरित बंद करावे. पंपाने तळ्यातीलच पाणी उचलून फवाऱ्याप्रमाणे परत सोडावे. ताजे पाणी सोडावयाचे असल्यास ते उंचावरून दगडांवर आपटत पडू द्यावे. कारण विहिरीच्या, विशेषतः कूपनलिकेच्या, पाण्यात बहुधा मुळातच प्राणवायू कमी असतो. नळी तळाशी बुडवून ते सोडल्यास लाभ होत नाही. पंप नसल्यास बांबूने पाणी झोडपावे. धोका टळल्यावर काही मासे काढून विकावेत.

घरातील काचपेटी

सांगली-साताऱ्यातील घरांत ठेवलेल्या काचपेटीलाही हेच लागू. पेटी रुंद, मासे थोडे व खाद्य बेताचे असेल तर हवेचा पंप अनिवार्य नाही. अरुंद तोंडाची बरणी, दाटी किंवा कडक उन्हाळा असल्यास तो लावावा. बुडबुड्यांतून थेट मिळणारा प्राणवायू थोडाच असतो. खरा लाभ होतो तो पाणी ढवळून पृष्ठभाग हलत राहिल्याने. पेटीतील वनस्पती दिवसा साहाय्य करतात, रात्री नव्हे.

ग्रामसेवकांनी बोटुकली सोडण्यापूर्वीच शेतकऱ्यास तळ्याचे क्षेत्र मोजून संख्या ठरवून द्यावी. यंत्र हा दाटीचा उपाय आहे. बेताने मासे सोडणे व पहाटेची फेरी हा सर्वांना परवडणारा उपाय होय.